दप्तर नंतर, तब्येत आधी : पहिलीत जाणाऱ्या लेकराची तयारी

भीमजयंती झाली की दोन-अडीच महिन्यांत शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे शाळेची घंटा जूनच्या अखेरीस वाजते. ज्या घरातले लेकरू पहिलीत जाणार असते, तिथे या काळात नवे दप्तर येते, पाण्याची बाटली येते, आजोबा पाटी आणतात, मामा बूट घेऊन देतो. अंगणवाडीत शिकलेली अक्षरे आणि अंक पुन्हा पुन्हा म्हणून घेतले जातात. हे सगळे चांगलेच आहे. पण एक तयारी बहुतेक घरांत राहून जाते. ती म्हणजे मुलाच्या शरीराची तयारी.

मग शाळा सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी बाई सांगतात, "लक्ष देत नाही, फळ्यावरचे उतरवून घेत नाही, वर्गात झोपतो." घरी मार बसतो. वर्गात मूल "ढ" ठरते. आपल्या वस्तीतल्या मुलांबद्दल तर "इकडची पोरं अशीच" असे म्हणायला काही लोक टपलेलेच असतात. आधी दवाखान्यात सिस्टर म्हणून आणि पुढे वस्त्यांमध्ये काम करताना अशी कितीतरी "ढ" मुले मी तपासणीला नेली आहेत. कुणाला फळा दिसत नव्हता, कुणाचा कान वाहत होता, कुणाच्या अंगात रक्त नव्हते, कुणी रात्री अकरापर्यंत टीव्हीसमोर जागे होते. त्यांच्या बुद्धीत काहीच कमी नव्हते. कमी होती ती वेळेवर केलेल्या तपासणीची. म्हणून लेकराला शाळेत बसवण्याआधी पुढच्या गोष्टी पाहून घ्या. यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

डोळे

लहान मूल "मला दिसत नाही" असे कधी सांगत नाही. त्याला जसे दिसते तसेच सगळ्यांना दिसत असेल, असे त्याला वाटते. एक डोळा चांगला आणि एक अधू असेल तर घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

घरी करून पाहा. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि मुलाला आठ-दहा पावलांवर उभे करा. एका डोळ्यावर तळहात ठेवा, डोळा दाबू नका. कॅलेंडरवरचे मोठे आकडे किंवा चित्रे ओळखायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. एका डोळ्याने चटकन सांगितले आणि दुसऱ्याने अडखळले, किंवा एकच डोळा झाकल्यावर ते रडू लागले, हात ढकलू लागले, तर डोळे तपासून घ्या. टीव्हीच्या अगदी जवळ बसणे, डोळे बारीक करून पाहणे, मान वाकडी करणे, डोळा तिरळा होणे, सतत डोके दुखणे हीदेखील खुणेची लक्षणे आहेत. बुबुळाच्या मधोमध पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

घाई का करायची? अधू डोळ्याने दिसणारे चित्र मेंदू हळूहळू घेणेच बंद करतो. याला आळशी डोळा म्हणतात. वय लहान असेल तर चष्मा लावून आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून तो सुधारतो. सात-आठ वर्षांनंतर सुधारणे कठीण होत जाते. "मुलीला चष्मा लागला तर लग्नाचे कसे?" असे विचारणाऱ्या आज्यांना मी एवढेच सांगते, "आजी, आधी तिला फळा दिसू द्या. शिकली तर पुढचे ती बघून घेईल."

कान

दर पावसाळ्यात सर्दी होते, कान दुखतो, मग पू वाहतो. आपण म्हणतो, "कान फुटला, होईल बरा." पू थांबतो, पण पडद्याला भोक राहिले तर ऐकू कमी येते. असे मूल वर्गात मागे बसले की बाईंचे निम्मे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. हाक मारली तर वळून पाहत नाही म्हणून उद्धट ठरते. एका मुलीला शाळेत सहा महिने रोज बोलणी बसत होती. तपासल्यावर दोन्ही कानांत पू निघाला. औषधोपचार झाले, तिला पुढच्या बाकावर बसवले, आणि तीच मुलगी कविता म्हणू लागली.

घरची परीक्षा सोपी आहे. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. त्याला तुमचे तोंड दिसता कामा नये. एक कान त्यालाच बोटाने बंद करायला सांगा आणि हळू आवाजात "आई", "भाकर", "चिमणी" असे शब्द म्हणा. ते परत म्हणतो का पाहा. मग दुसरा कान. शब्द चुकत असतील, किंवा सहा वर्षांचे होऊनही बोलणे स्पष्ट नसेल, तर कानाची तपासणी करा. वाहत्या कानात तेल, लसणाचा रस, काडी, पिन काहीही घालू नका. आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नका.

दात

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे चार नव्या दाढा येतात, वर दोन आणि खाली दोन. कुठलाही दात न पडता त्या येतात, म्हणून लोक त्यांना दुधाच्याच समजतात आणि "पडेल आपोआप" म्हणून किडू देतात. या दाढा पडत नाहीत आणि पुन्हा येतही नाहीत. आयुष्यभर त्यांनीच चावायचे आहे. रात्री झोपताना ब्रश करण्याची सवय आत्ताच लावा. मिसरी किंवा गुल लेकराच्या दाताला लावू नका, आणि खर्रा आणायला त्याला ठेल्यावर पाठवू नका.

अंगात रक्त कमी असणे

सहा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन 11.5 च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. असे मूल लवकर थकते, चिडचिड करते, माती किंवा खडू खाते, धड्यात लक्ष लागत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा. आतला भाग फिका पांढरट दिसला तर रक्त तपासा.

सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात 5 ते 9 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी मोफत मिळते. शाळेत ती दिली जाते. गोळीने शी काळी होते, घाबरू नका. गोळी किंवा जेवणासोबत चहा देऊ नका, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. घरात लोखंडी तवा-कढई वापरा. अंबाडी, चवळी, मेथी यांच्या भाज्या, बाजरीची भाकर, कलेजी यांतून लोह मिळते. वरून लिंबू पिळले तर ते अधिक लागू पडते.

पोटातले जंतही रक्त कमी करतात. जंतांची गोळी वर्षातून दोन वेळा अंगणवाडीत आणि शाळेत मिळते, साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. गोळी चावून खायची असते.

सिकलसेल : विदर्भातल्या घरांनी हे वाचाच

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. विदर्भात आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या समाजातही तो मोठ्या प्रमाणात आढळतो. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे एएस, असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक आजारी नसतो. रुग्णाला मात्र जन्मभर सांभाळावे लागते.

मुलाची तपासणी आजवर झाली नसेल तर शाळेआधी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. बोटातून एक थेंब रक्त घेऊन पहिली चाचणी होते. त्यात काही आढळले तर मूल वाहक आहे की रुग्ण, हे दुसऱ्या तपासणीत कळते. वारंवार हातपाय दुखणे, बोटे सुजणे, डोळे पिवळे दिसणे, सतत फिके दिसणे असे काही असेल तर तपासणी टाळूच नका.

मूल एसएस असेल तर ते शाळेत जाऊ शकते, जायलाच हवे. पण वर्गशिक्षकांना पहिल्याच दिवशी भेटून या गोष्टी सांगा आणि डॉक्टरांच्या कागदाची प्रत द्या :

1. याला वारंवार पाणी प्यावे लागते. पाणी कमी पडले की रक्तातल्या पेशी अडकतात आणि असह्य दुखते.
2. याला लघवीही वारंवार लागते. हा खोडसाळपणा नसतो. या आजारात मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही. म्हणून वर्गातून जाण्याची परवानगी नेहमी हवी.
3. भर उन्हात कवायत नको, दम लागेपर्यंत पळवणे नको, पावसात भिजणे आणि थंडीत उघडे बसणे नको.
4. दुखते म्हटले तर खरे माना आणि घरी फोन करा.
5. ताप 101 च्या वर गेला, अचानक फिके पडले, पोट डाव्या बाजूला फुगले किंवा श्वास लागला तर वाट न पाहता दवाखाना.

या मुलांना लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्यांची फॉलिक ॲसिडची गोळी आणि इतर औषधे शाळेच्या धावपळीत चुकवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आजार लपवून लग्नाचे भले होत नाही आणि शाळेतले लेकरू मात्र धोक्यात येते.

लस

पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान डीपीटीचा दुसरा बूस्टर असतो. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्यासाठी ही लस आहे. दीड-दोन वर्षांच्या वयातली लस घेतली की बऱ्याच घरांत कार्ड पेटीत जाते आणि हा डोस राहतो. कार्ड काढून आशाताईला दाखवा. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले का तेही विचारा. कार्ड हरवले असेल तरी जा, राहिलेल्या लशी देता येतात.

पाणी आणि लघवी

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत असताना तहान लागली तरी नळाला हात लावू शकत नव्हते. शिपायाने नळ उघडला तरच पाणी, शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. आज नळ सगळ्यांचा आहे. तरीही आपली कितीतरी मुले, विशेषतः मुली, शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत. संडास घाण असतो, कडी लागत नाही, बाई ओरडतील असे वाटते. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच प्यायचे नाही. मग लघवीला जळजळ, ताप, पोटदुखी आणि बद्धकोष्ठ सुरू होते.

यासाठी दोन तयाऱ्या करा. पहिली मुलाची. "बाई, लघवीला जाऊ का?" हे वाक्य मोठ्याने बोलायचा सराव घरी करून घ्या. स्वतःची चड्डी काढता-घालता येईल असे इलॅस्टिकचे कपडे द्या. पट्टा आणि घट्ट बटण नको. स्वतः धुता यायला हवे. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, उलट धुतले तर शीमधले जंतू लघवीच्या जागेत जातात. साबणाने हात धुणे सांगायलाच नको.

दुसरी तयारी शाळेची. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि मुलामुलींसाठी वेगवेगळी स्वच्छतागृहे शाळेत असलीच पाहिजेत, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. प्रवेशाच्या दिवशी मुलाला घेऊन संडास आणि नळ पाहून या. कडी नसेल, पाणी नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडा. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. आपल्यातल्या एका तरी आईने त्या समितीत जायला हवे.

रात्री अंथरूण ओले करणारे मूल सहाव्या वर्षीही असू शकते. त्यासाठी मारू नका, चारचौघांत हसू नका. पण आधी कोरडे राहणारे मूल अचानक ओले करू लागले, किंवा दिवसाही कपडे ओले होऊ लागले, तर लघवी तपासा आणि त्याला कशाची भीती बसली आहे का तेही पाहा.

सकाळचे खाणे आणि रात्रीची झोप

शाळेत दुपारचे जेवण मिळते. पण ते मिळेपर्यंत मूल चहा-टोस्टवर असेल तर सकाळचे दोन तास वायाच जातात. रात्रीची भाकर आणि वरण, फोडणीचा भात, शेंगदाण्याची चटणी-पोळी, उकडलेले अंडे, केळे यातले जे जमेल ते द्या. चहाऐवजी जमले तर दूध, नाही जमले तर पाणी. पाच रुपयांचे कुरकुरे रोज घेण्यापेक्षा त्याच पैशांत आठवड्याला चार-पाच अंडी येतात, हा हिशोब एकदा करून पाहा.

सहा वर्षांच्या मुलाला रात्री 9 ते 12 तास झोप लागते. एका खोलीच्या घरात हे अवघड असते हे मला माहीत आहे. तरी शाळा उघडण्याच्या पंधरा दिवस आधीपासून नऊ वाजता टीव्ही बंद करा आणि मोबाइल मुलाच्या हातातून काढा. मोठ्यांना जागायचे असेल तर दिवा दुसऱ्या कोपऱ्यात न्या.

दप्तर हलके ठेवा. केंद्राच्या 2020 च्या धोरणाप्रमाणे पहिली-दुसरीचे दप्तर 1.6 ते 2.2 किलोपेक्षा जड नसावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा. शिकवणीचे ओझे पहिल्याच वर्षी लादू नका. रोज पाच मिनिटे गोष्ट सांगा, वाचता येणाऱ्या ताईने किंवा दादाने पुस्तक वाचून दाखवावे, तेवढे पुरे.

अंग आपले, शब्दही आपले

मुलाला स्वतःचे पूर्ण नाव, आईवडिलांचे नाव, वस्तीचे नाव आणि एक फोन नंबर पाठ हवा. शरीराच्या सर्व भागांची नावे न लाजता शिकवा. चड्डीच्या आतल्या भागाला कुणी हात लावला, लावायला सांगितले किंवा "घरी सांगू नको" म्हटले, तर जोरात नाही म्हणायचे, तिथून निघायचे आणि घरी सांगायचे. सांगितल्यावर आपण विश्वास ठेवू हे त्याला ठाऊक हवे. अडचणीत 1098 हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे.

शाळेत मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद आहे. "आमच्या पोराला चांगले बदडा" असे शिक्षकांना सांगू नका. तो अधिकार त्यांना नाही, आणि आपणही देऊ शकत नाही.

कागदपत्रे थोडक्यात

जन्मदाखला तयार ठेवा. तो नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. लवकर शाळेत घालण्यासाठी वय वाढवून लिहू नका. पहिलीत बसायला सहा वर्षांचे शरीर लागते आणि खोटी तारीख जन्मभर अडवते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात या नोंदी स्वतः वाचून घ्या, वाचता येत नसेल तर कुणाला तरी सोबत न्या. पुढे जातीचा दाखला आणि पडताळणी यांच्या वेळी हीच नोंद मागतात.

तपासणी कुठे?

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, शहरात नागरी आरोग्य केंद्र. शिवाय 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यातली पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा येऊन तपासतात. डोळे, कान, हृदय, दुभंगलेला ओठ अशा दोषांवर पुढचे उपचार आणि शस्त्रक्रियाही त्यातून मोफत होतात. अंगणवाडीताईला पथकाची तारीख विचारा. त्या दिवशी मजुरी बुडली तरी आई किंवा बाप सोबत राहा आणि पथकाने दिलेली चिठ्ठी घेऊन पुढच्या दवाखान्यात नक्की जा. चिठ्ठी मिळते, पण ती घरातच पडून राहते, असे फार वेळा होते.

शाळा उघडण्याआधी हे झाले का?

- डोळे आणि कान घरी तपासले, शंका असल्यास दवाखान्यात दाखवले.
- हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासले.
- डीपीटीचा बूस्टर घेतला.
- मागच्या नव्या दाढा पाहिल्या.
- स्वतः कपडे, धुणे, हात धुणे, डबा उघडणे येते.
- लघवीला जाण्याची परवानगी मागता येते.
- शाळेचा रस्ता दोन-तीन वेळा चालून दाखवला.

शाळा सुरू झाल्यावर पहिले पंधरा दिवस मूल रडेल, पोट दुखते म्हणेल. पोट खरेच दुखते का ते पाहा. ताप, उलटी नसेल तर समजूत घालून शाळेत सोडा, चोरून पळ काढू नका, सांगून या. आणि रोज संध्याकाळी "आज काय शिकवले?" याच्या आधी तीन प्रश्न विचारा : कुणाशेजारी बसलास? पाणी कुठे प्यायलास? लघवीला गेला होतास का? या तीन उत्तरांत मुलाची तब्येतही कळते आणि शाळेत त्याला कसे वागवतात तेही कळते. उत्तर नीट आले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाऊन शांतपणे, पण स्पष्ट विचारा.

जय भीम.